घरात उंदीर झालेत, पण विष ठेवायचं नाही. काय करू?

दगडीवाडा
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं जुनं घर आहे. खालचा मजला दगड-मातीचा, वर माळा आणि कौलं, मागं परसात न्हाणी आणि आंब्याचं झाड. घरात आई (वय ७४), आम्ही दोघं आणि पावणेदोन वर्षांची मुलगी. गेल्या दोन महिन्यांत उंदरांनी जीव नकोसा केलाय. आधी नुसती माळ्यावर खुडबुड असायची. मग शेंगदाण्याचं पोतं फोडलं, फ्रिजमागची वायर सोलली आणि परवा देवघरातल्या समईतली वात पळवली. विझलेली होती म्हणून बरं. पेटती नेली असती तर वर सगळं सागवान आहे. तेव्हापासून मला झोप लागत नाही.

आतापर्यंत केलेलं सांगतो. जाळीच्या पिंजऱ्यात पहिल्या आठवड्यात ३ सापडले, त्यानंतर दोन आठवडे आत नुसती चपाती वाळतीय. चिकट पॅड ठेवला तर त्यावर एक पाल आणि उंदराचं पिल्लू अडकलं. रात्रभर चिरचिर चालू होती आणि सकाळी मुलगी त्याच्यासमोर उभी. तो पॅड आता घरात आणणार नाही. आवाजाचं यंत्र घेतलं, चार दिवस शांतता आणि पाचव्या दिवशी यंत्राच्या शेजारीच लेंड्या.

विष ठेवणार नाही हे नक्की. मुलगी दिसेल ते तोंडात घालते. बाकी काय करता येईल?

मनीमाऊ
मांजर पाळा. विषय संपला.

रंकाळ्याची_झुळूक
@मनीमाऊ, विषय संपत नाही हो. आमच्याकडं दोन मांजरं आहेत. थोरली शिकारी आहे, पण ती बाहेरचे उंदीर जिवंत पकडून स्वयंपाकघरात आणते आणि पिल्लांपुढं सोडते. त्यातला एक हमखास कपाटामागं जातो. मांजराच्या वासानं उंदरांचा वावर कमी होतो हे खरं, पण भिंतीतल्या बिळात मांजर जात नाही. आणि पोटभर दूध-भाकरी मिळाली की तेही उन्हात लोळतं. घूस असेल तर मांजर वाटेला जात नाही, आमचा बोका तर लांबूनच बघून माघारी फिरला होता.

लक्ष्मीपुरी_धान्यवाला
दगडीवाडा, आमची तीन पिढ्यांची धान्याची पेढी आहे, त्यामुळं उंदरांशी व्यवहार रोजचा. पहिली गोष्ट, तुमच्याकडं नेमकं काय आहे ते ओळखा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्हीकडं टोकदार असेल तर घरातला लहान उंदीर. त्याच्या दुप्पट-तिप्पट, जाडसर असेल तर मोठा उंदीर. परसात मातीचा ढीग आणि मूठ जाईल एवढं भोक असेल तर घूस. तिन्हींचा इलाज वेगळा.

तुमच्या वर्णनावरून लहान उंदीर वाटतोय. त्याला आत यायला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाते तिथून तो जातो. कवटी आत गेली की बाकीचं अंग मागून येतं. त्याचा फिरायचा टापू छोटा असतो, बिळापासून तीन ते दहा मीटर. म्हणून माळ्यावरच्या उंदरासाठी खाली स्वयंपाकघरात ठेवलेला एक पिंजरा उपयोगाचा नाही. तुमच्या पिंजऱ्यात तीन आले ते त्याच टापूतले. बाकीच्यांना पिंजरा तिथं आहे हे माहीतच नाही.

रात्री झोपताना भिंतीच्या कडेकडेनं रांगोळी चाळून टाका, पातळ थर. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ दिसेल. ती रेघ कुठं नाहीशी होते ते बघा. आमच्या गोडाऊनला हेच करतो. ते भोक सापडेपर्यंत बाकी सगळे उपाय वरवरचे.

नाद_एकच
उंदीर मारायचा विषाचा केक ठेवा की भावा. मेडिकलला किंवा खताच्या दुकानात मिळतोय, चार दिवसात साफ. लहान पोरगी हाय तर माळ्यावर ठेवायचा, हाय काय आन् नाय काय.

पांढरा_कोट
@नाद_एकच, मी नर्स आहे, म्हणून हे जरा मोठं लिहिते.

त्या केकमध्ये बहुतेक ब्रोमॅडिओलोन असतं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन तीन-चार दिवसांनी किंवा त्याहून उशिरा मरतो. माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर व्हिटॅमिन के१ चा उतारा आहे, पण उपचार आठवडे-महिने चालू शकतात. शिवाय उंदीर केकचा तुकडा ओढत नेतो. माळ्यावर ठेवलेला केक पाळण्याखाली सापडायला वेळ लागत नाही. विष खाल्लेला उंदीर मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला तर त्यांनाही बाधा होते.

त्याहून वाईट म्हणजे ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. दिसायला टूथपेस्टसारखी. यावर उतारा नाही. पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी थोडी उलटी, मळमळ, मग माणूस बरा वाटायला लागतो. घरचे म्हणतात, टळलं. आणि दोन-तीन दिवसांनी लिव्हर बंद पडायला लागतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय, त्या आईचा चेहरा विसरता येत नाही. त्यामुळं कुणाच्याही घरी असं घडलं तर लक्षणांची वाट बघू नका, घरी उलटी काढायला जाऊ नका, पाकीट बरोबर घ्या, १०८ ला फोन करा आणि सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

गव्हात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घरात आणूच नका. ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं गेली आहेत.

दगडीवाडा, तुमचा निर्णय बरोबर आहे. कुणाचं ऐकून बदलू नका.

नाद_एकच
ताई, हे एवढं माहीत नव्हतं. आमच्या माळ्यावर ठेवलाय, आत्ता काढतो.

शिरोळचा_ऊसवाला
राम राम. तुमच्याकडं उंदीर ह्याच महिन्यात का वाढलं ते सांगतो. उसाची तोड जोरात हाय. फड उभा आस्तोय तवर उंदरांना सावली, खाणं, सगळं तिथंच. तोड झाली, पाला पेटवला की ती सगळी बांध ओलांडून वस्तीकडं सरकत्यात. आमच्या घरी दरसाल हेच हुतंय.

रानात आम्ही झिंक फॉस्फाईड वापरतोय, पण त्यालाबी रीत हाय. उंदीर भित्रा, नवीन वस्तूला तोंड लावत न्हाई. म्हणून दोन-तीन दिस नुसतं तेल लावलेलं धान्य ठेवायचं, मग औषधाचं. घरात हे औषध चालत न्हाई, नर्सताई म्हणत्यात ते खरं.

खरं औषध म्हंजे धामण आन् घुबड. आमच्या विहिरीजवळ धामण हाय, कुणाला मारू देत न्हाई. आठ फूट आसंल. घोणस-नागासारखी विषारी न्हवं ती, पण लोक लांब साप बघितला की काठी काढत्यात. एक धामण गेली की पुढच्या साली उंदरांची फौज.

गवंडीकाम
लक्ष्मीपुरीकरांनी नेमकं सांगितलं. मी बांधकाम करतो, पेठांतली जुनी घरं बरीच उघडली आहेत. दगड-मातीच्या भिंतीत दोन दगडांमधली माती वर्षानुवर्षं झडत जाते आणि आत बोळ तयार होतात. बाहेरून गिलावा बरा दिसतो, आत उंदरांचा रस्ता. जोत्याच्या लेव्हलला दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घ्या.

नेहमीची भोकं सांगतो. न्हाणीचं पाणी जायचं भोक. भिंतीतून गेलेल्या नळाच्या पाईपभोवतीची पोकळी, प्लंबर पाईप टाकून जातो आणि भोक तसंच राहतं. गॅसच्या नळीचं भोक. कौलं आणि भिंतीचा वरचा कोपरा. मागच्या दाराखालची फट, तिला खाली पत्र्याची पट्टी मारा, लाकूड ते कुरतडतात.

भोकात आधी भांडी घासायची स्टीलची घासणी घट्ट कोंबायची, त्यावर सिमेंट. घुशीच्या बिळाला सिमेंटमध्ये फुटक्या काचेचा चुरा घालतात, तेही चालतं. फोम मारू नका. फोम ते एका रात्रीत पोखरतात, मी स्वतः मारलेला फोम दुसऱ्या दिवशी खाली भुसा होऊन पडलेला बघितलाय. न्हाणीला न्हाणी ट्रॅप बसवा, वर बारीक जाळी.

मोदकप्रेमी
सगळं ठीक, पण एक विचारू का? गणपतीत दहा दिवस बाप्पाचं वाहन म्हणून ज्या उंदरापुढं आपण हात जोडतो त्याला चापात अडकवून मारायचं, हे मनाला पटत नाही. आमच्या घरी पिंजऱ्यात पकडून लांब सोडून येतो.

शिरोळचा_ऊसवाला
लांब म्हंजे कुठं? आमच्या रानात न्हवं न्हवं?

मोदकप्रेमी
शिये फाट्याच्या अलीकडं एका मोकळ्या माळावर.

शिरोळचा_ऊसवाला
त्या माळाच्या कडंला कुणाचं तरी घर आन् गोठा असंलच की. तुमचा तरास त्येच्या दारात.

पांढरा_कोट
मोदकप्रेमी, तुमची भावना समजते. पण घरातला उंदीर अनोळखी माळावर सोडला तर त्याला बीळ नाही, खाण्याची जागा माहीत नाही, फार काळ तगत नाही. जवळ सोडला तर घरी परत. मला वाटतं चिकट पॅडपेक्षा झटक्यात लागणारा लाकडी चाप जास्त दयेचा. पॅडवर तो तासन् तास तडफडतो. आणि पॅडवर पाल, चिमणी असं काही अडकलं तर खायचं तेल हळूहळू सोडून, बोटांनी सोडवा. सुटतं.

आज्जीची_नात
@मोदकप्रेमी, आमची पणजी वेगळं सांगायची. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानात प्लेग आला तेव्हा तिची आई लहान होती. घरात आढ्यावरून मेलेला उंदीर पडला की माणसं त्याच दिवशी घर सोडायची. भांडीकुंडी घेऊन माळावर झोपड्या घालून राहायचं. आमच्या घरात "उंदीर पडला" हा शब्द अजून कुणी सहज उच्चारत नाही.

तेव्हा कुणाला कळत नव्हतं की रोग उंदरावरच्या पिसवांतून येतो. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा ते सोडून जवळच्या माणसावर जातात. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली, शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९७ मध्ये तिथंच लस तयार केली. आणि हे फार जुनं म्हणून सोडून देता येत नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत परत प्लेग आलाच होता. म्हणून मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका एवढं सांगायचं होतं.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
आमचा अनुभव पुराचा. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३. आमच्या गल्लीत खालचा मजला पाण्यात. पाणी चढत असताना गटारातले, गोडाऊनमधले सगळे उंदीर जिन्यावरून वर. आम्ही गच्चीत आणि तेही गच्चीत. २०२१ ला परत तेच. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना माझ्या भावाच्या पायाला पत्रा लागला होता, त्यानं तसंच काम केलं. आठ-दहा दिवसांनी ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की उभं राहता येईना. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. वेळेत कळलं म्हणून वाचला.

पांढरा_कोट
लेप्टो उंदराच्या लघवीतून पाण्यात-चिखलात येतो आणि जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून अंगात शिरतो. पुराच्या चिखलात गमबूट, हातमोजे घाला. डॉक्टर डॉक्सिसायक्लिनची आठवड्याला एक मात्रा देतात, ती त्यांना विचारूनच, गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर सांगा.

दगडीवाडा, माळा झाडताना कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. लेंड्यांवर ब्लीचचं पाणी मारा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्यानं पुसा. मुलीला तेवढा वेळ शेजारी पाठवा.

उजळाईवाडी_टू_पुणे
थोडं अवांतर. माझ्या गाडीची वायर दोनदा खाल्ली, दुसऱ्या वेळी बिल साडेअकरा हजार. कुणीतरी बॉनेटमध्ये निपाणीची तंबाखूची पानं ठेवायला सांगितली. ठेवली. सहा महिने झाले, अजून काही नाही.

गवंडीकाम
माझ्या गाडीत त्याच पानांच्या शेजारी बसून उंदरानं घरटं केलं. तुमची गाडी रोज फिरत असेल, म्हणून तो येत नसेल. गाडी आठ दिवस उभी राहिली की बॉनेटखालचा आडोसा आणि अंधार, त्याला दुसरं काय पाहिजे. रात्री बॉनेट उघडं ठेवा, आडोसा मोडला की तो सहसा बसत नाही.

उजळाईवाडी_टू_पुणे
हो, रोज चालते. पानं तरी काढणार नाही, वास चांगला येतो.

तांबडा_पांढरा
चिचुंद्रीला कुणी मारू नका एवढं लिहायला आलो. तोंड लांब, वास उग्र, भिंतीच्या कडेनं चूं चूं करत पळते ती उंदीर नाहीच. ती झुरळं, किडे खाते. परवा शेजाऱ्यांनी उंदीर म्हणून चार पिल्लं मारली, एकामागं एक शेपटी धरून आईच्या मागं चालली होती. फार वाईट वाटलं.

दगडीवाडा
सगळ्यांचे आभार. शनिवारी रात्री रांगोळी टाकली. लक्ष्मीपुरीकर, तुमचे उपकार. पावलं माळ्याकडून नव्हे, न्हाणीकडून येत होती. गॅसच्या ओट्याखालून न्हाणीच्या भिंतीपर्यंत सरळ रेघ. मागच्या वर्षी नळ बदलला तेव्हा जुना पाईप काढून नवा वर घेतला, जुन्याचं भोक पुढं पिंप ठेवलं म्हणून दिसतच नव्हतं. दोन बोटं जातील एवढं.

आणि दुसरी गोष्ट कळली. आई रोज संध्याकाळी परसात चिमण्यांना बाजरी-तांदूळ टाकते. चिमण्या तोपर्यंत घरट्यात गेलेल्या असतात, रात्रभर तो दाणा उंदरांना. आम्ही त्यांना रोज जेवायला वाढत होतो. आईला हे सांगायचं कसं, हाच प्रश्न पडला होता. बाबा गेल्यापासून ती हे करते.

रंकाळ्याची_झुळूक
बंद करायला सांगू नका. सकाळी टाकायला सांगा, आणि ताटलीत. उरलेलं दुपारी उचला.

लक्ष्मीपुरी_धान्यवाला
अगदी. आणि शेंगदाणे, डाळ, पीठ पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिकचे डबे ते कडेनं फोडतात. भोक बंद करायच्या आधी आतले पकडा, नाहीतर आत कोंडले जातील आणि भिंतीत मेले तर महिनाभर वास. लाकडी चाप पाच-सहा आणा, एक नव्हे. भिंतीला काटकोनात, खाण्याची बाजू भिंतीकडं. आमिष वाटाण्याएवढंच, सुकं खोबरं दोऱ्यानं बांधून. मोठा तुकडा ठेवला की कडेनं खाऊन जातात. दोन दिवस चाप न ताणता ठेवा.

पांढरा_कोट
आणि मुलीसाठी चाप खोक्यात ठेवा, लाकडी पेटीला दोन्ही बाजूंना छोटं भोक पाडून, वर झाकण खिळ्यानं बंद.

दगडीवाडा
तीन आठवड्यांनी लिहितोय. आंब्याच्या पेट्या फोडून चार खोकी केली. सहा दिवसांत ११ उंदीर. सातव्या, आठव्या, नवव्या रात्री काहीच नाही, रांगोळी कोरी. दहाव्या दिवशी भोक बुजवलं, घासणी आणि सिमेंट, न्हाणीला ट्रॅप, मागच्या दाराला पट्टी. जोत्याच्या दरजा अजून राहिल्यात.

आईला चापाचं सांगताना मी घाबरत होतो, गणपतीचं नाव काढेल म्हणून. ती म्हणाली, "वाहन हाय खरं, पण गणपती त्याच्यावर बसतोय, त्याला डोक्यावर घेत नाही. मी बघतो चिमण्यांचं, तू भोक बुजव." आता सकाळी सातला ताटली घेऊन बसते. चिमण्याही जास्त येतात.

काल सकाळी समईतली वात जागेवर होती. आई मला उठवायला आली होती, फक्त ते दाखवायला.

मोदकप्रेमी
मातोश्रींना नमस्कार सांगा. मी यापुढं माळावर सोडणार नाही. आधी भोक शोधतो.

दगडीवाडा
एक विचारायचं राहिलं. आंब्यावर रात्री कुणीतरी घशातून खरखरीत ओरडतं. काल बॅटरी मारली तर पांढरं तोंड, बदामासारखं. शेजारचे म्हणतात अपशकुन आहे, हाकला.

शिरोळचा_ऊसवाला
गव्हाणी घुबड! भावा, नशीब काढलंस. एका रातीत दोन-तीन उंदीर सहज उचलतंय ते, पिल्लं आसली की जास्तच. खालती गोळ्या पडल्यात का बघ, केस आन् हाडांच्या. हाकलू नको. शेजाऱ्यास्नी म्हण, तुमच्याकडचं उंदीरबी तेच खातंय.

दगडीवाडा
गोळ्या पडल्यात. एक फोडून शेजारच्या काकांना आतली उंदराची कवटी दाखवली. बराच वेळ बघत होते. आता त्यांनाही त्यांच्या बाजूची भिंत भरायची आहे. गवंडीकाम दादा, दरजांसाठी सिमेंट-वाळूचं प्रमाण सांगाल का?

गवंडीकाम
१ ला ३, वाळू चाळून. आधी सैल माती काढून भिंत ओली करा. मी गुरुवारी पापाच्या तिकटीला कामावर आहे, संध्याकाळी येऊन बघतो.